नातीचं न्हाण आणि आजीचं स्टेटस

प्रिय ताई,

मी मंगळवार पेठेत राहते. वय सहासष्ट. लेक पुण्याला असते, तिला एकच मुलगी. अकरा संपून तिला बारावं लागलंय. मे महिन्यात ती सुट्टीला माझ्याकडं होती आणि इथंच तिला पदर आला. पोरगी घाबरली, रडली. मी तिला जवळ घेतलं, सगळं समजावून सांगितलं. आमच्या वेळी मला चार दिवस परड्यातल्या खोलीत बसवलं होतं. घोंगडं वेगळं, ताट वेगळं. नातीचं तसं होऊ द्यायचं नाही हे मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी महाद्वार रोडवरनं खणाचं परकर-पोलकं आणलं, गजरा माळला, शेजारच्या चार बायका बोलावून ओटी भरली, पुरणपोळ्या केल्या. पोरगी लई गोड दिसत होती, हसत होती.

मी मोबाईलवर फोटो काढले, एक व्हिडिओ काढला आणि तिथल्या तिथं आमच्या घरच्या ग्रुपवर पाठवला. २०१९ च्या महापुरात केलेला ग्रुप आहे, सगळी भावकी त्यात आहे. स्टेटसलाही ठेवलं, ‘आमची छकुली मोठी झाली’ म्हणून. दीडशेवर माणसांनी बघितलं, कितीजणांनी आशीर्वाद दिले. दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्यानं त्या व्हिडिओला गाणं लावून त्याच्या स्टेटसला ठेवलं. ग्रुपवर चुलत घरातल्या एका चौदा वर्षांच्या पोरानं विचारलं, ‘छकुलीला नक्की काय झालं?’ ते नातीनं माझ्याच फोनवर वाचलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तिथल्याही एका मुलीनं तिला काहीतरी विचारलं म्हणे. त्या मुलीची आई आमच्या लांबच्या नात्यातली आहे.

लेक म्हणाली, ‘आई, तू तिची खबर गावभर केलीस.’ तेव्हापासून नातीचा एक फोटो तिनं मला पाठवलेला नाही. नात फोनवर येत नाही. एकदाच आली आणि म्हणाली, ‘आजी, तू परत माझा फोटो काढू नकोस.’

ताई, मी काय पाप केलं? लपवलं असतं तर जुन्या विचारांची म्हणाले असते. आनंदानं केलं तर हे. ते फोटो आता काढून कसे टाकायचे तेही कळत नाही. गौरी-गणपतीला दोघी येतील का नाही, देव जाणे. मी काय करू?

— एक आजी, कोल्हापूर

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मावशी,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट आधी बोलते, कारण या सगळ्या रागारागीत ती तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. आई जवळ नसताना मुलीला पहिल्यांदा पाळी येते, ती घाबरते, आणि तिला कुशीत घेऊन नीट समजावणारी आजी तिच्यापाशी असते. असं नशीब सगळ्या मुलींचं नसतं. तुमच्या आईनं आणि आजीनं जे निमूट पाळलं, ते तुमच्यापाशी येऊन थांबलं. नातीला वेगळं ताट मिळालं नाही, वेगळी खोली मिळाली नाही. त्या चार दिवसांत तुमचं काही चुकलेलं नाही. खणात, गजऱ्यात, पुरणपोळीतही नाही. पण पाचव्या दिवशी फोटो पाठवायला बोट टेकवलंत तिथं चुकलं, आणि तेवढ्यापुरती मी पूर्णपणे तुमच्या लेकीच्या बाजूची आहे.

तुम्ही म्हणता, लपवलं असतं तरी दोष, सांगितलं तरी दोष. या दोन्हीत नातीला कुठं विचारलंय, ते बघा. तुम्हाला परड्यातल्या खोलीत बसवलं तेव्हा तरी काय लपलं होतं? घरातल्या पुरुषांना, आल्यागेल्या पाहुण्यांना, दूध घालायला येणाऱ्याला, सगळ्यांना कळलंच की, पोरगी बाजूला बसलीय म्हणजे काय ते. तुमच्या अंगातली गोष्ट सगळ्या वाड्यानं वाचली आणि तुम्हाला कुणी विचारलं नाही. नातीच्या वेळी तुम्ही विटाळाच्या जागी कौतुक आणलंत. फार मोठी गोष्ट केलीत. मात्र विचारायचं तेव्हा राहिलं होतं, ते आताही राहिलं. पाळीची लाज वाटू नये हे खरंच. पण ज्याची लाज वाटत नाही ते सगळ्यांना दाखवलंच पाहिजे, असं कुठं आहे? ते कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचंच का, हे त्या मुलीनं ठरवायचं. तिनं सांगितलं असतं तर ते तिचं सांगणं झालं असतं. आता तिच्याबद्दल दुसऱ्यांनी सांगितलेलं तिला ऐकावं लागतंय.

न्हाण गाजवायची रीत कुठून आली तेही एकदा आठवून बघा. तुमच्या आजीच्या, पणजीच्या काळात पदर यायच्या आतच मुलीचं लग्न झालेलं असायचं. पदर आला की सासरी निरोप जायचा, मुलीला मखरात बसवायचे, वाजंत्री यायची, सवाष्णी जमायच्या, आणि त्यानंतर गर्भाधान. तो गाजावाजा मुलीसाठी नव्हताच. पोरगी नांदायला पाठवण्याजोगी झाली, ही खबर सासरला आणि गावाला द्यायची होती. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यानं शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा, लग्न झालेलं असलं तरी, दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं होतं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हेच, की बाराच्या आत पदर आला तर विधी खोळंबेल आणि धर्म बुडेल. दोन वर्षं वाढवायला एवढी भांडणं झाली. पुढं १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, आज ते अठरा आहे.

तुमच्या नातीला ना सासर आहे, ना कुणाला निरोप धाडायचाय. ती शाळेत जाते, सुट्टीला आजीकडं येते. ज्यांच्यासाठी ही खबर असायची ती माणसंच आता राहिली नाहीत. राहिलाय तो तुमचा जीव, आणि खण, गजरा, पोळ्या. ते सगळं ठेवा. गावाला कळवायचं तेवढं सोडून द्या.

ती हसत होती, असं तुम्ही लिहिलंय. हसत असणारच. समोर आजी होती, ओळखीच्या चार बायका होत्या, नवा परकर होता. ती त्या खोलीतल्या माणसांकडं बघून हसली. फोटोला हसली म्हणजे तो पाठवायला हो म्हणाली, असं होत नाही. मोठ्या माणसांचंही होत नाही.

आता त्या दीडशे माणसांकडं वळते. स्टेटस कुणाला दिसतं हे बहुतेकांना माहीत नसतं. वेगळं काही ठरवून दिलं नसेल तर, ज्यांचा नंबर तुमच्याकडं सेव्ह आहे आणि ज्यांच्याकडं तुमचा नंबर सेव्ह आहे, त्या सगळ्यांना ते दिसतं. तुमच्या मोबाईलमधली नावं सावकाश वाचून बघा. बहिणी, जावा, भजनी मंडळ, भिशीतल्या बायका, ठीक आहे. पण त्यातच गॅस सिलिंडरवाला असेल, पतसंस्थेचा पिग्मी एजंट असेल, नळ दुरुस्त करून गेलेला, घर रंगवून गेलेला, लग्नाच्या हॉलचा मॅनेजर असेल. माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. यातल्या कुणाला फोन करून तुम्ही सांगितलं असतं का, आमच्या नातीला पाळी आली म्हणून? नसतं सांगितलं. जीभ रेटली नसती. मोबाईलवर मात्र एकाला सांगायला आणि दीडशेजणांना सांगायला तेवढंच एक बोट लागतं, म्हणून ते कळत नाही.

आणि तो आकडा तुमच्यापुरता. भाच्यानं स्वतःच्या स्टेटसला ठेवल्यावर त्याच्या मोबाईलमधली माणसं आली. त्याच्या तालमीतले मित्र, शाहू स्टेडियमला मॅच बघायला बरोबर जाणारी पोरं, कामावरचे लोक. ती तुम्ही कधी पाहिलेलीही नाहीत. स्टेटस २४ तासांनी आपोआप जातं हे खरं, पण तेवढ्यात कुणी स्क्रीनशॉट घेतला तर व्हॉट्सअ‍ॅप तुम्हाला कळवत नाही. ग्रुपवरचे फोटो तर पुष्कळ जणांच्या मोबाईलमध्ये न मागता उतरतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. भाच्याला तो व्हिडिओ असाच सापडला असणार.

तुमचा ग्रुप महापुरात झाला, हे वाचून मी थोडी थांबले. त्या ऑगस्टमध्ये आंबेवाडी-चिखलीपासून शिरोळपर्यंत माणसं पाण्यात अडकली होती, आणि कोण कुठल्या माळ्यावर आहे, कुणाला बोट मिळाली, हे अशाच घरच्या ग्रुपांवरून कळत होतं. आजही पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांच्या इशाऱ्यावर गेली, ४३ च्या धोक्याकडं सरकायला लागली, की पाचव्या मिनिटाला फोटो ग्रुपवर येतो आणि नदीकाठची माणसं आवराआवर करतात. ते यावंच. ती बातमी सगळ्यांची असते, उशिरा कळली तर कुणाचं तरी नुकसान होतं. तुमच्या नातीची पाळी भावकीला वर्षभर कळली नसती, कधीच कळली नसती, तर कुणाचं काय अडलं असतं? त्या ग्रुपवर काहीही टाकताना हे एकदा मनात आणा.

आता फोटो काढून टाकायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं सगळ्यांच्याकडून पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. तो केव्हाच उलटून गेला. वेळेत पुसलं असतं तरी ज्यांनी आधीच सेव्ह केलं किंवा पुढं पाठवलं त्यांच्याकडं ते राहिलंच असतं. आयफोनवाल्यांच्या फोटोंमध्ये ते तसंच राहू शकतं, असं कंपनी स्वतःच सांगते. त्यामुळं आता एकच मार्ग आहे, फोन करायचा. एकेकाला, वेगवेगळा.

ग्रुपवर ‘सगळ्यांनी ते फोटो काढून टाका’ असा मेसेज अजिबात टाकू नका. ज्यांनी तेव्हा बघितले नव्हते तेही वर जाऊन शोधतील. ‘का? काय झालं?’ सुरू होईल आणि पोरगी पुन्हा चर्चेत येईल. पहिला फोन भाच्याला करा. त्याला सांगा, ‘अरे, तो व्हिडिओ छकुलीला आवडलेला नाही. चूक माझी, मी पाठवायला नको होता. तुझ्या फोनमधून काढ, आणि तू कुणाला पाठवला असशील तर त्यांनाही काढायला सांग.’ त्याच्यावर चिडू नका, त्यानं तुमचंच बघून केलं. कारणं द्यायच्या भानगडीत पडू नका. ‘तिला आवडलेलं नाही’ एवढं कारण पुरेसं आहे, आणि लोकांना ते पुरेसं वाटायची सवय लागली तर बरंच होईल. मग बहिणी, जावा, आणि ती शाळेतल्या मुलीची आई. त्या बाईंशी मात्र आधी लेकीनं बोलावं, का तुम्ही, हे लेकीलाच विचारा. तिथं रोजची शाळा आहे.

नुसतं चॅटमधून काढून भागत नाही, हेही प्रत्येकाला सांगा. गॅलरीतून काढायला हवं, आणि गॅलरीच्या ट्रॅशमधूनही. गूगल फोटोजवर बॅकअप असेल तर ट्रॅशमध्ये टाकलेला फोटो ६० दिवस तिथंच असतो, तो तिथून वेगळा पुसावा लागतो.

त्या चौदा वर्षांच्या पोराचं काय? त्यानं विचारलं यात त्याचा दोष नाही. मोठ्यांनी ग्रुपवर काहीतरी साजरं केलं, त्याला ते कळलं नाही, त्यानं विचारलं. त्याला पाळी म्हणजे काय हे त्याच्या आईनं किंवा बापानं घरी बसून साध्या शब्दांत सांगावं, छकुलीचं नाव न घेता. बारा-चौदा वर्षांच्या मुलांना हे माहीत असलंच पाहिजे. बहिणीच्या फोटोवरून माहीत व्हायची वेळ येऊ नये.

सगळ्यांच्याकडून सगळं पुसलं जाईल, याची खात्री मी देऊ शकत नाही, तुम्हीही नातीला देऊ नका. खोटं आश्वासन तिला लगेच ओळखू येईल. तिला सांगायचं ते खरं सांगा, कुणाकुणाला फोन केला, कुणी काढलं, कोण उरलंय.

म्हणजे नातीशी बोलायचं आहेच. माझं मत विचाराल तर गौरी-गणपतीची वाट बघत बसू नका. लेकीला विचारून स्वारगेटची गाडी धरा आणि पुण्याला जा. हे बोलणं फोनवर होणारं नाही, आणि आईमार्फत निरोप पाठवून तर नाहीच. मेसेज पाठवू नका, फुलांची चित्रं तर मुळीच नकोत. समोर बसून एवढंच म्हणा: ‘छकुली, तुझे फोटो मी तुला न विचारता सगळ्यांना पाठवले. ते माझं चुकलं. तुला शाळेत ऐकून घ्यावं लागलं ते माझ्यामुळं.’ आणि थांबा. ‘पण मी प्रेमानंच केलं गं’ हे वाक्य तुमच्या ओठांवर येणार, ते आवरा. प्रेमानं केलंत हे तिला माहीत आहे. ते वाक्य आलं की तिला तुमची समजूत काढावी लागेल, आणि ते काम तिचं नव्हे. ती रडेल, उठून जाईल, काहीच बोलणार नाही. जाऊ द्या. उत्तर मागू नका.

नंतर कधीतरी, त्याच दिवशी असेल किंवा पुढच्या खेपेला, तुमचा मोबाईल तिच्या हातात द्या. त्या दिवसाचे फोटो अजून तुमच्याकडं असतीलच. विचारा, ‘हे ठेवू का काढू? तू सांगशील तसं.’ काढ म्हणाली तर तिच्यासमोर काढा, ट्रॅशही तिच्याच हातानं रिकामी करून घ्या. ‘आई गं, किती छान आलाय’ असं म्हणत एखादा मागं ठेवू नका. माझा अंदाज आहे, एखादा फोटो ती ठेवायला सांगेल. त्या सकाळी ती खरंच आनंदात होती आणि आनंद पुसावासा कुणालाच वाटत नाही. तसं झालं तर तो तिच्या आईच्या मोबाईलवर थेट द्या. दोघींकडं अँड्रॉइड असेल तर क्विक शेअर, आयफोन असतील तर एअरड्रॉप. दोन फोन जवळ धरायचे, समोरच्याचं नाव दिसलं की पाठवायचं. इंटरनेट लागत नाही, ग्रुप लागत नाही, ज्या फोनवर पाठवाल त्याच फोनवर जातं. क्विक शेअरमध्ये ‘कोणाला दिसावं’ तिथं फक्त कॉन्टॅक्ट्स ठेवा, म्हणजे बसस्टँडवर बसलात तरी अनोळखी माणूस काही पाठवू शकणार नाही.

पुढचं बोलायचं तर, नातीचे फोटो तुम्हाला मिळायला हवेत. इथं मी तुमच्या लेकीला सांगते. दोन महिने आजीला नातीचा एक फोटो नाही, हे जास्त झालं. राग बरोबर आहे, पण त्यानं आईला काही समजलं नाही, ती नुसती तुटली. तिला नियम सांगा, तो ती पाळेल. पत्र लिहून विचारणारी बाई आहे ती.

नियम साधा असावा. गूगल फोटोजवर लेकीनं एक अल्बम करावा आणि त्यात फक्त आजी-आजोबांना त्यांच्या खात्यानं घ्यावं. लिंकनं उघडण्याची सोय बंद ठेवावी, कारण लिंक चालू असली की ती ज्याच्या हातात पडेल त्याला सगळं दिसतं. लेक त्यात टाकेल ते तुम्ही हवं तितक्यांदा बघा. शेजारच्या काकूंना मोबाईल धरून दाखवा, माझी काही हरकत नाही, काकू बघतील आणि फोन तुमच्याच हातात राहील. पण अल्बममधला फोटो पुढं पाठवायचा असेल तर आधी लेकीला विचारायचं, आणि लेकीनं छकुलीला. मुलगी आता एवढी मोठी आहे की तिचं नाही हे नाहीच धरलं पाहिजे, आईनंसुद्धा. हे आजोबांनाही सांगा. एकाच घरात दोन मोबाईल असतात आणि विचारलेलं असतं एकालाच.

स्टेटसबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगेल की त्याच्या प्रायव्हसीत ‘ओन्ली शेअर विथ’ असं आहे, मोजक्या माणसांना निवडून दाखवता येतं. आहे, आणि तुमच्या स्वतःच्या गोष्टींसाठी वापरा. सहल, रांगोळी, अंबाबाईचं दर्शन. ग्रुपला ‘अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ लावता येते, २०२५ पासून आहे, तिनं फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत, भाच्याला ती लावायला सांगा. एकदाच उघडणारा फोटोही पाठवता येतो, पण समोरचा दुसऱ्या मोबाईलनं त्याचा फोटो काढू शकतो. ही सगळी सोय चांगली आहे. नातीला विचारायचं काम मात्र यातली एकही गोष्ट करत नाही. म्हणून नातीचा फोटो स्टेटसला तूर्त नकोच. ती स्वतः म्हणेल ‘आजी, हा टाक’, तेव्हा टाका. बक्षीस मिळवेल, नाच करेल, तेव्हा म्हणेलही.

कायद्याचं कुणी घाबरवलं असेल तर घाबरू नका. २०२३ चा डिजिटल माहितीचा कायदा अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी कंपन्यांना आईवडिलांची परवानगी घ्यायला लावतो. घरगुती कारणासाठी आजीनं काढलेल्या फोटोला तो लागू होत नाही. तरी मुलाचं खाजगीपण ही चैनीची कल्पना आहे असंही समजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात ते स्वतंत्र कलम आहे आणि भारतानं तो १९९२ मध्येच मान्य केलाय. आणि पुढं कधी कुणी तिच्या फोटोशी छेडछाड केली, घाणेरडं काही लिहिलं किंवा धमकावलं, तर घरात बोलणी करत बसू नका. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळी सोय आहे, नाव न देताही तक्रार करता येते. मुलांची हेल्पलाइन १०९८ आहे. पुरावा म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या, मग तक्रार करा.

गौरी-गणपतीला त्या आल्या तर गौरीपुढं दोघींचा फोटो काढायची तुम्हाला इच्छा होणारच. तिनं तुम्हाला सांगितलंय, परत माझा फोटो काढू नकोस. ते ती मागं घेत नाही तोवर मोबाईल बाजूला ठेवा. ‘काढू का?’ एकदाच विचारा. नाही म्हणाली तर गौरीचा काढा. दुसऱ्यांदा विचारू नका, लेकीकडून विचारवून घेऊ नका, चोरून काढू तर नकाच.

आणि हे उत्तर त्या घरच्या ग्रुपवर पाठवू नका. तपशील बदललेत, तरी तुमच्या भावकीला पहिल्या चार ओळींत कळेल की हे कुणाबद्दल आहे, आणि फोन करून करून शांत केलेला विषय पुन्हा उघडा पडेल. लेकीला मात्र आधी वाचायला द्या. छकुलीला दाखवायचं का, ते तिची आई ठरवेल.